मयत हजर, वकील गैरहजर

माझ्या पहिल्या वकिलांबद्दल माझी काही म्हणजे काही तक्रार नव्हती. तक्रार करायला माणूस भेटावा लागतो. वकीलसाहेब फोनवर भेटत नसत, ऑफिसात भेटत नसत आणि कोर्टात भेटलेच तर दुसऱ्या कोर्टाकडे निघालेले असत. पुढे काळा डगला फडफडवत जिना चढणारे साहेब, मागे काखेत फायली दाबून पळणारा जुनिअर आणि त्याच्याही मागे काठी टेकत मी, असे आम्ही तिघे तळमजल्यावरून निघायचो. मी तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत ते दोघे पलीकडच्या जिन्याने खाली उतरलेले असायचे.

"साहेब, आपल्या केसचं काय?" मी कठड्यावरून ओरडायचो.

"चालू आहे, चालू आहे," खालून उत्तर यायचं.

चालू होते ते फक्त साहेब.

ही केस माझ्या डाव्या पायाची. घडलं ते एवढंच, की मी कोपऱ्यावर स्कूटरला टेकून कोथिंबिरीच्या जुडीचा भाव करत होतो आणि मागून मंडपवाल्याचा टेम्पो रिव्हर्समध्ये येत होता. क्लीनर मागे उभा राहून "येऊ द्या, येऊ द्या" ओरडत होता आणि ड्रायव्हरने आयुष्यात पहिल्यांदाच त्याचं ऐकलं असावं. मी वळून पाहिलं तेव्हा 'आई तुझा आशीर्वाद' ही अक्षरं वाचायला लागतात त्यापेक्षा बरीच जवळ आली होती. त्यांच्याखाली बारीक अक्षरांत 'सुरक्षित अंतर ठेवा' असं लिहिलं होतं. ते वाचून होईपर्यंत अंतर संपलं. माझी नडगी मोडली. कोथिंबीर सहीसलामत राहिली. ती भाजीवालीने परत घेतली.

नडगीत सळई घातल्यावर मी शुद्धीवर येत होतो, तेवढ्यात खाटेपाशी एक गृहस्थ वकीलपत्र घेऊन उभे होते. पोलीस जबाबाला यायचे होते, नातेवाईक सफरचंदं घेऊन यायचे होते, त्या सगळ्यांच्या आधी हे.

"तुम्हाला कसं कळलं?"

"आम्हाला कळतं," ते म्हणाले आणि माझ्या हातात पेन दिलं. ज्या हाताला सलाईन होतं त्या हातात.

वकीलपत्रावर काय छापलं होतं ते मी नंतर वाचलं. दावा चालवणे, तडजोड करणे, काढून घेणे, पैसे स्वीकारणे, माझ्या वतीने साहेबांना सगळं करता येणार होतं. माझा पाय मोडायचा तेवढा मी स्वतः मोडून घेतला होता, बाकी सगळं त्यांच्याकडे. फीचा विषय काढला तर साहेब म्हणाले, "नंतर बघू." निकालाच्या रकमेतून टक्केवारी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे, त्यामुळे टक्केवारी हा शब्द त्यांनी तोंडातून काढला नाही. फक्त "नंतर बघू" म्हणताना उजव्या हाताची बोटं थोडी हलवली.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली भरपाईचा अर्ज करायला २०१९ च्या दुरुस्तीने अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आणि ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. साहेबांनी माझा अर्ज सहाव्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी, खिडकी बंद होता होता दाखल केला आणि मला फोन केला, "वाचवली तुमची केस!" ती कोणापासून वाचवली हे मी विचारलं नाही. त्यांनी स्वतःहून केलेला तो एकमेव फोन होता आणि मला तो खराब करायचा नव्हता.

मग तारखा सुरू झाल्या. एका तारखेला न्यायाधीशसाहेब रजेवर. एका तारखेला टेम्पोमालकाला समन्स बजावलंच गेलं नव्हतं, कारण बेलिफाच्या अहवालाप्रमाणे तो 'मिळून येत नाही'. हा टेम्पोमालक आमच्याच आळीत राहतो आणि मंडपाचं सामान आमच्याच घरावरून नेतो. पाय मोडलेल्या मला तो रोज मिळून येत होता. एका तारखेला इन्शुरन्स कंपनीच्या वकिलांनी मुदत मागितली, पुढच्या तारखेला आमच्या साहेबांनी मागितली. बहुधा परतफेड म्हणून. मी बाकावर बसून असायचो. पुकारा झाला की काठी सावरत उभं राहायचं, "पुढची तारीख" ऐकायचं आणि बसायचं. हाडांच्या डॉक्टरांनी मला गुडघ्याचे जे व्यायाम सांगितले होते, त्यातला हा एक आपोआप होऊन गेला.

या तारखांच्या पावसात मला एक वेगळाच घोर लागला. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली सरला वर्मा खटल्यात भरपाईचा हिशेब करण्यासाठी वयाप्रमाणे गुणकांचा तक्ता दिला आहे. वर्षाच्या कमाईचं जेवढं नुकसान, त्याला या गुणकाने गुणायचं. ४६ ते ५० वयाला गुणक १३ आणि ५१ ते ५५ ला ११. टेम्पो आला तेव्हा मी ४९ वर्षांचा होतो. तारखांच्या मधल्या एका रविवारी घरच्यांनी माझी पन्नाशी साजरी केली, मग तीही मागे पडली. केक कापताना सगळे टाळ्या वाजवत होते आणि मी मनातल्या मनात दोनाने वजाबाकी करत होतो. शेवटी जिन्यात साहेबांना गाठून विचारलंच.

"अहो, वय अपघाताच्या दिवशीचं धरतात," ते दोन पायऱ्या वरून म्हणाले. "कोर्टासाठी तुम्ही कायमचे एकोणपन्नासचे."

घरी येऊन ही बातमी मी मोठ्या आनंदाने सांगितली. "मग तिकडेच राहायला जा," ही म्हणाली, "केसही काळे होतील."

'वकील बदल' असं मला कोणी पहिल्यांदा सांगितलं ते आठवत नाही, कारण तोवर सगळेच सांगायला लागले होते. इस्त्रीवाल्याने सांगितलं. फिजिओथेरपीवाल्या मुलीने माझा पाय वर धरलेल्या अवस्थेत सांगितलं, म्हणजे नाही म्हणायची सोयच नाही. आणि शेजारच्या नानांनी तर हुकूमच केला. नाना महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या भाऊबंदकीचा दावा त्यांच्या आजोबांनी लावलेला आहे आणि त्यात त्यांनी इतके वकील बदललेत, की बाररूममध्ये ते शिरले की निम्मे लोक उभे राहतात. कोणी आदराने, कोणी बाकीच्या आठवणीने.

"बदलून टाक," नाना म्हणाले. "मी प्रत्येक वेळी बदलला. पस्तावलो नाही."

"आणि दावा?"

"दाव्याचं काय, दावा चालूच आहे. पण माणसं काय एकेक भेटली!"

आता बदलायचा म्हणजे आधीच्या साहेबांना तसं सांगायचं, आणि तिथेच माझं घोडं अडलं. आमच्या घराण्यात कोणी कोणाला काढून टाकलेलं नाही. दूधवाला फारच पाणी घालतो म्हणून बंद करायचा ठरला, तेव्हा वडिलांनी त्याला "डॉक्टरांनी दूध वर्ज्य केलंय" असं सांगितलं. मग पुढे कित्येक वर्षं आमचं दूध शेजाऱ्यांच्या पातेल्यात यायचं आणि अंधार पडला की आमच्याकडे. दूधवाला चौकशीला आला की वडील बिनदुधाचा चहा त्याच्यासमोर पिऊन दाखवायचे. अशा रक्ताच्या माणसाने काळ्या डगल्यासमोर जाऊन "तुम्ही नको" म्हणायचं!

म्हणून मी आधी नवीन वकील बघितले, जुन्यांचं नंतर. मेहुण्याच्या ओळखीचे होते. दिलेल्या वेळेला गेलो तर ते त्या वेळेला जागेवर होते! मला गहिवरून आलं. कोणताही वकील पक्षकाराची सही होईपर्यंत वेळेवर असतो, हे मेहुण्याने मला रिक्षातून परत येताना सांगितलं. जाताना सांगितलं नाही.

नवीन साहेबांनी अर्जाची प्रत हातात घेतली, चष्मा कपाळावर सरकवला, पान उलटलं, परत मागे आले आणि म्हणाले, "हे कोणी लिहिलंय?"

हा प्रश्न मला तोंडपाठ आहे. आमच्या बाथरूमचा नळ गळतो तेव्हा येणारा प्रत्येक प्लंबर आधीच्या प्लंबरच्या कामाकडे बघून हाच प्रश्न विचारतो आणि मग आधीच्यासारखाच तो गळका ठेवून जातो. पण इथे प्रश्नात तथ्य होतं. साहेबांनी मला पान ६ वाचून दाखवलं.

"'सदर अपघातात मयत हा गंभीर जखमी होऊन जागीच मरण पावला. मयत हा घरातील एकमेव कमावता इसम होता. मयताच्या अकाली निधनामुळे अर्जदार हा पोरका झाला आहे.' यातला मयत कोण?"

"मी."

"आणि अर्जदार?"

"तोही मीच."

म्हणजे मी वारलो होतो आणि माझ्या जाण्याने मीच पोरका झालो होतो. पुढे अंत्यविधीचा खर्च म्हणून १५,००० रुपये मागितले होते. "रक्कम मात्र थेट निवाड्यातली आहे," नवीन साहेब कौतुकाने म्हणाले. २०१७ साली प्रणय सेठी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मृत्यूच्या दाव्यांसाठी ती ठरवून दिली होती, दर तीन वर्षांनी दहा टक्के वाढवायच्या बोलीवर. अर्जाच्या शेवटी 'वरील सर्व मजकूर माझ्या माहिती व समजुतीप्रमाणे खरा आहे' असं होतं आणि त्याखाली माझी सही होती. सलाईन लावल्यामुळे जरा हललेली. मेल्यावर केलेली म्हणून शोभेल अशी.

घरी हे ऐकून हिने फक्त एवढंच विचारलं, "पंधरा हजारांत होतं?"

यावर इन्शुरन्स कंपनीने दिलेली कैफियत तर मी आता फ्रेम करून लावणार आहे. कंपनीच्या वकिलांची कैफियत वाचायची एक पद्धत असते. अर्जातलं जे जे वाक्य, ते ते नाकबूल. अपघात झाला हे नाकबूल, टेम्पो तिथे होता हे नाकबूल, अर्जदाराचं वय, नोकरी, पगार, पत्ता नाकबूल. हे करत करत ते पान ६ ला आले आणि त्याच झपाट्यात लिहून गेले, 'मयत हा मरण पावला हा मजकूर खोटा, लबाडीचा व केवळ पैसे उकळण्याच्या हेतूने रचलेला असून तो या जाबदेणारास साफ नाकबूल आहे.' माझ्या वकिलांनी मला मारलं, मी सही करून ते मान्य केलं, आणि मी जिवंत आहे हे ठामपणे सांगणारी साऱ्या प्रकरणात एकटी उरली ती ज्यांच्याविरुद्ध दावा आहे ती कंपनी. अडचणीच्या वेळी आपलं माणूस कोण ते असं कळतं.

नवीन साहेबांनी मग माझ्या पायाकडे मोर्चा वळवला. वैद्यकीय मंडळाने अपंगत्व १२ टक्के ठरवलं होतं. (ते कळलं तेव्हा ही म्हणाली होती, "उरलेले अठ्ठ्याऐंशी टक्के तरी कुठे काय करत होते?")

"काम काय तुमचं?"

"पतसंस्थेत हिशेबनीस."

"बसून?"

"बसूनच."

साहेबांचा चेहरा पडला. २०१० साली राजकुमार विरुद्ध अजयकुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय की शरीराचं अपंगत्व वेगळं आणि कमाईचं नुकसान वेगळं. निवाड्यात उदाहरणच दिलंय, की डावा हात गेला तर ड्रायव्हरची किंवा सुताराची सगळी कमाई जाऊ शकते, पण सरकारी कारकुनाची नोकरी तशीच चालू राहू शकते.

"अपघातानंतर पगार कमी झाला का?"

"नाही. उलट वेतनवाढ मिळाली."

"हे विचारल्याशिवाय सांगू नका," साहेब म्हणाले. थोडा वेळ विचार करून म्हणाले, "पतसंस्था कितव्या मजल्यावर आहे?"

"दुसऱ्या."

"लिफ्ट?"

"नाही."

"छान!" माझ्या पायाला सळई बसल्यापासून त्याबद्दल 'छान' म्हणणारा हा पहिला माणूस.

सही करायला मी पेन उचललं तर त्यांनी ते खाली ठेवायला लावलं. "आधी जुन्या वकिलांची नाहरकत."

"ती लागतेच का?"

त्यांनी मला समजावलं. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे एका वकिलाचं वकीलपत्र दाखल असताना त्याच्या संमतीशिवाय दुसऱ्याने त्या प्रकरणात उभं राहायचं नाही. संमती मिळतच नसेल तर कारण सांगून कोर्टाची परवानगी मागायची. आणि १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत, आदेश ३ नियम ४ मध्ये, वकीलपत्र केव्हा संपतं तेही लिहून ठेवलंय. कोर्टाच्या परवानगीने लेखी रद्द केलं तर संपतं, प्रकरण संपलं तर संपतं, आणि वकील किंवा पक्षकार वारला तर संपतं.

"मी तर अर्जात वारलोच आहे," मी आशेने म्हणालो.

"कंपनीने नाकबूल केलंय," साहेब म्हणाले.

"मग तुम्हीच बोला ना त्यांच्याशी. वकील-वकील."

"छे छे! मी त्यांच्याकडे जुनिअर होतो. भीड पडते."

आता आली पंचाईत. मी घरी तालीम सुरू केली. आरशासमोर जमेना तेव्हा ही वकील झाली. अंगावर काळी शाल घेऊन ती बसली आणि मी म्हणालो, "साहेब, गैरसमज नसावा, पण घरच्यांचं असं मत आहे की..." "घरच्यांवर कशाला ढकलता?" ती शालीतून कडाडली. तालीम तिथेच थांबली.

प्रत्यक्ष गेलो तर आक्रीत घडलं. जे साहेब एवढ्या काळात जिन्यात दोन पायऱ्या थांबले नव्हते, ते ऑफिसात खुर्चीवर बसलेले! मला बघताच उठून उभे राहिले. "अरे या या, तुमच्याच केसचा विचार करत होतो." जुनिअरला चहा आणायला पाठवलं. पायाची चौकशी केली, योग्य पायाची. पुढच्या तारखेला सरतपास घेऊन टाकू म्हणाले. एवढ्या प्रेमापुढे मी नाहरकतीचा कागद खिशातून काढणार कसा? मी चहा प्यायलो, बिस्किट खाल्लं आणि घरी आलो.

"दिली नाहरकत?"

"नाही. पण चहा आल्याचा होता."

हे नानांच्या कानावर गेल्यावर ते स्वतः निघाले. हातात एक झेरॉक्स, त्यावर लाल पेन्सिलीच्या रेघा. सर्वोच्च न्यायालयाचा २००० सालचा आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा हा निवाडा, की फी राहिली म्हणून वकिलाला पक्षकाराची कागदपत्रं अडवून ठेवता येत नाहीत. "फाइल देत नाही म्हणाला की हे तोंडावर फेकायचं," नाना जिना चढताना म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत आजोबांच्या दाव्याची सगळी चमक उतरली होती.

ऑफिसात शिरल्याबरोबर नानांनी माझ्या पाठीत कोपर मारलं. मी डोळे मिटून म्हणून टाकलं, "साहेब, मला वकील बदलायचाय."

शांतता पसरली. मग खुर्ची करकरली आणि साहेबांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला.

"अहो, आधी नाही का सांगायचं! मला त्या इन्शुरन्स कंपनीच्या पॅनलवर घेतलंय. तुमच्या केसमध्ये मला त्यांच्या बाजूने उभं राहता येत नाही, एकदा तुमचं काम केल्यावर नियमच आहे तसा. आणि आता कंपनी माझी पक्षकार, तर त्यांच्याविरुद्ध तुमच्यासाठी तरी कसा उभा राहू? केव्हापासून तुम्हाला सांगायचं म्हणतोय. पण तुम्ही काठी टेकत मागे येताना दिसलात की भीड पडायची. म्हणून तर जिन्यात थांबत नव्हतो."

नाना फार नाराज झाले. त्यांनी तरीही झेरॉक्स पुढे केली. साहेबांनी ती चष्मा लावून वाचली, म्हणाले, "चांगला निवाडा आहे. ही प्रत राहू दे माझ्याकडे," आणि ड्रॉवरमध्ये टाकली.

फाइल द्यायची त्यांची पूर्ण तयारी होती, फक्त ती सापडत नव्हती. कपाटं झाली, कपाटांवरचे गठ्ठे झाले. जुनिअर टेबलाखाली गेला तो बराच वेळ आला नाही, मधून मधून दुसऱ्याच पक्षकारांची नावं खालून ऐकू यायची आणि साहेब "अरे, तो अजून आहे?" म्हणायचे. शेवटी माझी फाइल पाण्याच्या जारखाली सापडली. ओलसर होती, पण अक्षर टिकून होतं. आत एक्स-रे होता तो मी उजेडात धरला.

"साहेब, हा खांदा आहे."

"कोणाचा?"

"माझी केस पायाची आहे."

साहेबांनी एक्स-रे उलटा करून बघितला. उलटाही तो खांदाच राहिला. मग टेबलाखालच्या गठ्ठ्यांत माझी नडगी सापडली, एका भिवंडीच्या दाव्याला टाचलेली. बिचाऱ्या त्या माणसाच्या खांद्यात एवढी लांब सळई बघून समोरच्या वकिलांनी काय नाकबूल केलं असेल देव जाणे.

"आणि ते पान ६?" मी विचारलंच. "त्यात मी मेलोय."

"तो नमुना तुमच्या नव्या वकिलांनीच केलेला, माझ्याकडे होते तेव्हा," साहेब अभिमानाने म्हणाले. "हुशार मुलगा. मृत्यूच्या दाव्यांना तोच वापरतो आम्ही. एक नंबर चालतो."

मग 'नंतर बघू'ची वेळ आली. साहेबांनी एका चिठ्ठीवर आकडा लिहून माझ्याकडे सरकवला. नानांनी तो वाचला आणि ड्रॉवरकडे हात केला, "आमची झेरॉक्स द्या जरा." बरीच ओढाताण होऊन आकडा निम्म्यावर आला. साहेबांनी नव्या वकीलपत्राच्या समासात 'हरकत नाही' लिहून सही केली आणि खाली मोठ्या मनाने तारीखही टाकली. त्यांनी मला दिलेली ही एकच तारीख त्याच दिवशीची होती.

नव्या साहेबांचा कोर्टातला पहिला दिवस मी कडक इस्त्री करून साजरा केला. पुकारा झाला, साहेब ताठ उभे राहिले, कमावलेल्या आवाजात म्हणाले, "नवीन वकीलपत्र दाखल करतो. प्रकरणाच्या अभ्यासासाठी मुदत मिळावी." मिळाली. बाहेर आल्यावर त्यांनी मला विचारलं, "कसं वाटलं?" आवाज खरंच चांगला होता.

त्यानंतर त्यांनी पान ६ च्या दुरुस्तीचा अर्ज टाकला. 'मयत' शब्द काढून 'जखमी' घालणे, मरण वगळणे, अंत्यविधी वगळणे. आणि विरुद्ध बाजूच्या वकिलांनी काय करावं? हरकत घेतली! दुरुस्ती उशिरा मागितली आहे, तिच्यामुळे दाव्याचं मूळ स्वरूपच पालटतं, सबब ती नामंजूर व्हावी. मी मेलो हे ज्यांना साफ नाकबूल होतं, त्यांची आता मी जिवंत होण्याला हरकत होती.

युक्तिवादाच्या दिवशी साहेब तिसऱ्या मजल्यावर दुसऱ्या एका कामात अडकले होते आणि नवीन जुनिअर त्यांना आणायला गेला तो गेलाच. न्यायाधीशसाहेबांनी अर्ज वाचला, पान ६ वाचलं, चष्म्यावरून खाली बघितलं.

"अर्जदार हजर आहे का?"

बाकावरून मी काठी टेकत उठलो.

"हा मयत?"

"होय साहेब."

"मयत हजर आहे," न्यायाधीशसाहेब लघुलेखकाकडे न बघता म्हणाले, "आणि वकील गैरहजर." कोर्टात हशा झाला. विरुद्ध बाजूचे वकीलही हसले, पण हरकत त्यांनी मागे घेतली नाही. २०० रुपये खर्चावर दुरुस्ती मंजूर झाली. मी ते तिथल्या तिथे भरले आणि पावती पाकिटात, रेशनकार्डाच्या झेरॉक्सशेजारी ठेवली. जिवंत असल्याचा एवढा पक्का पुरावा पेन्शनवाल्यांकडेही नसतो.

आता गाडी सुरळीत चालेल असं वाटलं, तोच कंपनीने आपला वकील बदलला. पुढच्या तारखेला एक तरुण गृहस्थ पॅनलवरून आले, त्यांनी उभ्याउभ्याच आपल्या आधीच्या वकिलांची कैफियत चाळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं पुटपुटले, "हे कोणी लिहिलंय?" मग त्यांनी अर्ज दिला, की मूळ दाव्यात आता मयतच उरला नसल्यामुळे त्याचं मरण नाकबूल करण्याचा मजकूर कैफियतीतून वगळण्याची परवानगी मिळावी.

मला वाटलं, संपला विषय. तर माझे साहेब ताडकन उठले. "हरकत आहे! अभ्यासासाठी मुदत मिळावी."

मिळाली. बाहेरच्या व्हरांड्यात मी त्यांचा डगला धरला. "अहो साहेब, ते तर आपल्याच सोयीचं मागत होते. हरकत कशाला घेतलीत?"

साहेब जिन्याकडे वळले होते. पहिल्या पायरीवर थांबून म्हणाले, "घ्यावी लागते हो. नाहीतर पक्षकारांना वाटतं, वकील काही करतच नाही. मग ते वकील बदलतात."